दोन आवाज, एक टायर: ‘ब्लो आउट’ आणि त्याचं सिनेमातलं घराणं

गेल्या महिन्यात रात्री अकरा वाजता भाचीचा फोन आला. ती पुण्यात मास कम्युनिकेशन शिकते. वर्गात ‘जाने भी दो यारों’ दाखवला होता आणि तिच्या डोक्यात किडा वळवळत होता.

“मावशी, त्यातल्या पार्कचं नाव अँतोनिओनी पार्क का आहे? सर म्हणाले, त्याच्यासाठी ‘ब्लो-अप’ बघा. शोधायला गेले तर ‘ब्लो आउट’ पण सापडला. तोही बघून टाकला. आता मला कळत नाहीये, कोणी कोणाचं ढापलंय?”

प्रश्न तिचा एकटीचा नाही. आज कुठलाही नवा थ्रिलर आला की परीक्षणात हमखास दोन वाक्यं असतात: “सत्तरच्या दशकातल्या कटकारस्थानी सिनेमांची छाप” आणि “हिचकॉकचा प्रभाव”. वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला काहीतरी ठाऊक असायला हवं होतं. छाप म्हणजे काय, प्रभाव कुठे संपतो आणि चोरी कुठे सुरू होते, हे कोणी सांगत नाही. म्हणून एकच सिनेमा घेऊन हे सगळं उलगडून बघू. ब्रायन डी पाल्मा या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९८१चा ‘ब्लो आउट’. शेवट सांगितल्याशिवाय मुद्दा पूर्ण होणार नाही, त्यामुळे ज्यांना आधी सिनेमा बघायचा आहे त्यांनी इथेच थांबावं आणि बघून परत यावं.

## आधी गोष्ट

अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. जॅक टेरी (जॉन ट्रव्होल्टा) हा साउंडवाला. स्वस्तातल्या भयपटांना लागणारे वारा, पावलं, दार करकरणं असे आवाज गोळा करणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. सिनेमा सुरू होतो तो अशाच एका टुकार भयपटाच्या तुकड्याने. शॉवरखाली उभी असलेली मुलगी, सुरा घेतलेला माणूस, आणि मुलीच्या तोंडून निघते एक केविलवाणी, हसू येईल अशी किंकाळी. दिग्दर्शक वैतागतो. जॅकला सांगतो, नवी किंकाळी शोध आणि वाऱ्याचा नवा आवाजही आण.

जॅक रात्री एका पुलावर माइक आणि टेप रेकॉर्डर घेऊन उभा राहतो. बेडूक, घुबड, लांबवर बोलणारं एक जोडपं, सगळं टिपतो. तेवढ्यात एक गाडी भरधाव येते, टायर फुटतो, गाडी खालच्या ओढ्यात कोसळते. जॅक उडी मारून आतल्या मुलीला, सॅलीला, वाचवतो. गाडी चालवणारा मरतो. तो असतो राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतला गव्हर्नर.

घरी येऊन जॅक टेप ऐकतो. टायर फुटल्याचा आवाज आहे. पण त्याच्या क्षणभर आधी आणखी एक आवाज आहे.

दिवाळीत लांबून लवंगी फुटली की बंदुकीचा बार, हे आपल्याला सांगता येणार नाही. जॅकला येतं, कारण कान हेच त्याचं हत्यार आहे. पहिला आवाज गोळीचा. म्हणजे टायर फुटलेला नाही, फोडलेला आहे. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे हे एवढंसं वाक्य दुसऱ्या कोणाच्या तरी गळी उतरवण्याची धडपड.

## कटाचा सिनेमा म्हणजे काय

रहस्यपटात खून होतो, खुनी सापडतो, प्रेक्षक निवांत घरी जातो. कटाच्या सिनेमात खुनी सापडून भागत नाही, कारण ज्यांच्याकडे तक्रार न्यायची त्यांच्यातलंच कोणीतरी गुंतलेलं असतं. गावातल्या विहिरीचा पंप चोरीला गेला आणि पंचनाम्याला आलेल्या माणसाच्याच शेतात तो बसवलेला दिसला, तर जे वाटेल ते या सिनेमांचं मूळ भांडवल.

अमेरिकेत सत्तरच्या दशकात अशा सिनेमांची लाट आली, आणि ती हवेतून आलेली नव्हती. २२ नोव्हेंबर १९६३ला डॅलस शहरात राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली. १८ जुलै १९६९च्या रात्री त्यांचे धाकटे भाऊ, सिनेटर एडवर्ड केनेडी यांची गाडी चॅपाक्विडिक बेटावरच्या पुलावरून पाण्यात गेली. ते वाचले, सोबतची तरुणी दगावली, आणि पोलिसांपर्यंत ते पोचले दुसऱ्या दिवशी सकाळी. १९७२मध्ये वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कार्यालयात घुसलेली माणसं पकडली गेली. तपासात निघालं की राष्ट्राध्यक्ष निक्सन आपल्याच कार्यालयातली संभाषणं टेप करत होते आणि एका टेपमध्ये साडेअठरा मिनिटं नुसती खरखर आहे. ऑगस्ट १९७४मध्ये निक्सनना पायउतार व्हावं लागलं. १९७५मध्ये सिनेटच्या समितीसमोर हेही उघड झालं की गुप्तहेर संस्थेने परदेशी नेत्यांना मारण्याचे बेत आखले होते.

आता ‘ब्लो आउट’कडे परत बघा. पुलावरून पाण्यात गेलेली गाडी, आत नेता आणि तरुणी: चॅपाक्विडिक. पुसलेल्या टेप: वॉटरगेट. पण सगळ्यात खोल गेलेलं मूळ आहे डॅलसमधलं, आणि तिथे जरा थांबायला हवं.

## २६ सेकंदांची मुकी फिल्म

केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा अब्राहम झप्रूडर नावाचा कपड्यांचा एक व्यावसायिक आपल्या हौशी ८ मिलिमीटर कॅमेऱ्याने ताफ्याचं चित्रण करत होता. हत्या त्या फिल्मवर आली. जेमतेम २६ सेकंद, ४८६ चौकटी. ‘लाइफ’ साप्ताहिकाने हक्क विकत घेतले आणि त्यातल्या काही चौकटी आठवड्याच्या आत छापल्या. मात्र हलती फिल्म देशभरच्या टीव्हीवर सामान्य अमेरिकन माणसाने पाहिली ती १९७५मध्ये, म्हणजे सव्वाअकरा वर्षांनी. मधल्या काळात लोकांकडे होती ती छापलेली चित्रं आणि तर्क.

या फिल्मला आवाज नाही. गोळ्या किती, कुठून, हा सगळा वाद त्या मुकेपणातून वाढला. १९७९मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीने पोलिसांच्या वायरलेस यंत्रणेवर ध्वनिमुद्रित झालेली एक पट्टी तपासली. कुठल्याशा मोटरसायकलवरचा माइक चालू राहिल्यामुळे ती भरली होती, असा समज होता. तज्ज्ञांनी तिच्यातले ठोके मोजले, झप्रूडरच्या चित्रांशी जुळवून पाहिले, आणि समितीने निष्कर्ष काढला की दुसरा बंदूकधारी असण्याची आणि म्हणून कट असण्याची बरीच शक्यता आहे. १९८२मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी तो निष्कर्ष खोडून काढला. त्यांच्या मते ते ठोके हत्येनंतर सुमारे मिनिटभराने नोंदले गेले होते.

या दोन तारखांच्या मधे ‘ब्लो आउट’ प्रदर्शित झाला. आणि जॅक नेमकं काय करतो? कार्प नावाच्या एका छायाचित्रकाराने त्या रात्री अपघाताचं चित्रण केलेलं असतं आणि त्यातल्या चौकटी एका साप्ताहिकात छापून येतात. जॅक ते साप्ताहिक विकत घेतो, चित्रं कात्रीने एकेक कापतो, क्रमाने लावतो आणि प्रत्येकाचा कॅमेऱ्याने एकेक फोटो घेत छापील पानांची पुन्हा फिल्म करतो. लहानपणी वहीच्या कोपऱ्यांवर माणूस काढून पानं फरफर सोडली की तो धावायचा, तसंच. मग त्या मुक्या फिल्मला तो आपली टेप लावतो.

इथे एक शब्द समजून घेऊ: सिंक. सिनेमात चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्या यंत्रावर टिपला जायचा. दोन्ही एकमेकांवर अचूक बसवणं म्हणजे सिंक. शूटिंगच्या सुरुवातीला पाटीची फळी ठाककन आपटतात ती त्यासाठीच. फळी मिटतानाचं चित्र आणि तो ‘ठाक’ जुळला की पुढचं सगळं जुळतं. लग्नाच्या व्हिडिओत भटजींचे ओठ आधी हलतात आणि ‘सावधान’ मागून येतं, तेव्हा सिंक गेलेलं असतं. जॅककडे पाटी नाही, तरी तो खटपट करून जुळवतो. पहिल्या आवाजाच्या क्षणी, झुडपात, एवढासा उजेड चमकतो.

डॅलसचं जे कोडं देशाला सुटलं नाही, चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे, ते एक साधा तंत्रज्ञ आपल्या टेबलावर सोडवतो. मला हा प्रसंग सिनेमाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम प्रसंगांपैकी एक वाटतो, आणि त्यात हाणामारी नाही, पाठलाग नाही. कात्री आहे, कागद आहे, आणि कामात बुडालेला माणूस आहे.

## लंडनचा फोटो, सॅन फ्रान्सिस्कोची टेप

आता सिनेमातले पूर्वज. मिकेलांजेलो अँतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाने १९६६मध्ये लंडनमध्ये ‘ब्लो-अप’ केला. ब्लो-अप म्हणजे फोटो मोठा करणं. एक फॅशन छायाचित्रकार बागेत एका जोडप्याचे फोटो काढतो. घरी ते मोठे करत जातो तर झुडपात पिस्तूल दिसतं, मग गवतात प्रेत दिसतं. पण फोटो जितका मोठा करावा तितके नुसते ठिपके उरतात. नंतर फोटो चोरीला जातात, प्रेतही नाहीसं होतं. शेवटी तो काही तरुणांना चेंडूशिवाय टेनिस खेळल्याचा अभिनय करताना बघत राहतो आणि आपल्याला चेंडूचा आवाज ऐकू येऊ लागतो. बघितलं म्हणजे खरंच दिसलं का, हा अँतोनिओनीचा प्रश्न.

१९७४मध्ये फ्रान्सिस फोर्ड कपोलाने तो प्रश्न डोळ्यांकडून कानांकडे नेला. ‘द कॉन्व्हर्सेशन’मधला हॅरी कॉल हा चोरून संभाषणं टिपणारा निष्णात माणूस. सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात फिरणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं तो टिपतो. त्यातलं एक वाक्य असं: संधी मिळाली तर तो आपल्याला मारेल. हॅरीला ‘मारेल’वर जोर ऐकू येतो आणि तो जोडप्याच्या काळजीने हैराण होतो. शेवटी कळतं, जोर ‘आपल्याला’वर होता. तो आपल्याला मारेल, मग आपणच आधी का नको? मराठीत मोठ्याने दोन्ही प्रकारे म्हणून बघा. शब्द तेच राहतात, मेलेला माणूस बदलतो.

डी पाल्माने या दोघांचं देणं लपवलेलं नाही. नावातच कबुली आहे: ‘ब्लो-अप’मधला अर्धा शब्द तसाच ठेवून ‘ब्लो आउट’, म्हणजे टायर फुटणं. पण त्याने प्रश्न बदलला, आणि माझ्या मते या सिनेमाचं मोठेपण तिथेच आहे. अँतोनिओनीच्या नायकाला नीट दिसलं नाही. कपोलाच्या नायकाला नीट ऐकू आलं नाही. जॅकला नीट दिसलं, नीट ऐकू आलं, दोन्ही जुळलंही. पुरावा पक्का आहे. तरी काही होत नाही. सत्य कळत नाही म्हणून घाबरणं ही आधीच्या दोघांची भीती होती. सत्य कळून, हातात धरूनही ते कोणाच्या उपयोगी पडत नाही, ही डी पाल्माची भीती आहे.

## मग ही चोरी का नाही?

भाचीचा मूळ प्रश्न. मी तिला कीर्तनाचं उदाहरण दिलं. उत्तररंगाला बुवा आख्यान लावतात तेव्हा श्रोत्यांना गोष्ट पाठ असते. हरिश्चंद्र शेवटी डोंबाघरी पाणी भरणार हे आजीलाही माहीत आणि नातवालाही. बुवांनी आख्यान चोरलं असं कोणी म्हणत नाही. बुवा कुठे थांबतात, तारामतीच्या तोंडी कोणता प्रश्न घालतात, कोणता अभंग कुठे आणतात, हे ऐकायला माणसं बसलेली असतात. मात्र एखाद्याने दुसऱ्या बुवांचे दृष्टान्त, विनोद, हातवारे जसेच्या तसे उचलले तर पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं लगेच म्हणतात, ही नक्कल आहे.

कायदाही साधारण हीच रेघ ओढतो. १९७८मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक नाटककार विरुद्ध चित्रपट कंपनी असं प्रकरण आलं होतं. न्यायालयाने सांगितलं की कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कोणाचा मालकी हक्क नसतो, हक्क असतो तो ते मांडण्याच्या पद्धतीवर. ‘कोणीतरी चुकून गुन्ह्याचा पुरावा टिपतो’ हे कथासूत्र. बागेतला फोटो, चौकातली टेप आणि पुलावरचा माइक या तीन मांडण्या.

आता खरा प्रभाव आणि लपवाछपवीची नक्कल यांतला फरक कसा ओळखायचा? मी एक गोष्ट बघते: मूळ कलाकृती माहीत झाल्यावर दुसरी मोठी वाटते की छोटी? नक्कल पकडली गेली की ती लगेच छोटी होते. ‘द कॉन्व्हर्सेशन’ पाहून आल्यावर ‘ब्लो आउट’ पुन्हा पाहिला तेव्हा मला तो आधीपेक्षा जास्त दुःखद वाटला.

## हिचकॉक कुठे आला यात?

शॉवर, सुरा आणि किंकाळी म्हटलं की थरारपटांचा उस्ताद आल्फ्रेड हिचकॉकचा १९६०चा ‘सायको’ आठवतोच, ते सोपं आहे. खरं देणं त्याच्याच १९५८च्या ‘व्हर्टिगो’चं. त्यात नायकाच्या डोळ्यांदेखत एका बाईचा जीव जातो असं त्याला वाटतं, आणि पुढे तो स्वतःच्याच हट्टापायी तोच प्रसंग पुन्हा ओढवून घेतो.

जॅकच्या भूतकाळातही अशी एक गाठ आहे. तो पूर्वी पोलिसांतला भ्रष्टाचार शोधणाऱ्या पथकासाठी काम करायचा. वेष पालटून गेलेल्या एका पोलिसाच्या अंगावर त्याने माइक आणि बॅटरी बांधली. त्या माणसाला घाम आला, बॅटरीने चटका दिला, बिंग फुटलं आणि त्याला गळफास लावून मारण्यात आलं. जॅकने केलेली जोडणीच जीवघेणी ठरली. सिनेमाच्या शेवटाकडे तो सॅलीच्या अंगावर पुन्हा माइक लावून तिला पाठवतो. या वेळी बॅटरी नीट आहे. आवाजही स्वच्छ येतोय.

## इतकी सजावट कशाला?

‘ब्लो आउट’वरचा जुना आक्षेप: दिखाऊपणा फार, आत पोकळ. स्टायलिश हा शब्द कौतुकाचा वाटतो, पण कित्येकदा तो टोमणा असतो. म्हणून दोन-तीन करामती उघडून बघू.

पुलावरच्या प्रसंगात एका बाजूला घुबडाचं डोकं एवढं मोठं, अगदी जवळ, पीस न् पीस स्पष्ट. आणि त्याच चौकटीत खूप लांब, पुलावर, जॅकही तितकाच स्पष्ट. डोळ्यांना असं कधी दिसत नाही. बोट नाकासमोर धरलंत तर भिंतीवरचं कॅलेंडर धूसर होतं. कॅमेऱ्याचंही तसंच. मग हे होतं कसं? कॅमेऱ्यासमोर अर्ध्या भागात जादा भिंग बसवतात, त्याला स्प्लिट डायॉप्टर म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्यांचा बायफोकल चष्मा आठवा: खालच्या अर्ध्यातून पेपर, वरच्या अर्ध्यातून टीव्ही. हा कॅमेऱ्याचा बायफोकल, फक्त आडवा कापण्याऐवजी उभा कापलेला. आता त्याचं काम काय, ते बघा. ध्वनिमुद्रकासाठी जवळचं-लांबचं असं काही नसतं; माइक रोखला की लांबचं घुबड कानाशी येतं. जॅकला जसं ऐकू येतं तसं आपल्याला दाखवायचं, तर हेच भिंग हवं.

घरी टेप ऐकताना जॅक हातात पेन्सिल धरतो आणि नकळत ती हवेत फिरवतो, पुलावर जसा माइक फिरवला होता तशी. पेन्सिल वळते आणि त्या बाजूचा आवाज, मग त्या बाजूचं चित्र आपल्यासमोर उभं राहतं. एका पेन्सिलीने दिग्दर्शक सांगून जातो की हा माणूस कानांनी बघतो.

आणि तिसरा प्रसंग. जॅक स्टुडिओत येतो, एक टेप लावतो, कोरी. दुसरी, कोरी. कॅमेरा खोलीच्या मधोमध उभा राहून गोल फिरू लागतो, एक फेरी, मग आणखी एक, थांबतच नाही. प्रत्येक फेरीत जॅक कुठेतरी नवीन टेप उलगडत असतो, यंत्रं नुसती फिरत असतात, जमिनीवर पट्ट्यांचा ढीग वाढत असतो. आयुष्यभराची जमवाजमव कोणीतरी पुसून टाकली आहे. हाच प्रसंग साधेपणाने दाखवता आला असता, पण मग माहिती मिळाली असती, भोवळ आली नसती. टेपचं रीळही गोल फिरतं, हे माझ्या दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं.

हे टिपणारा छायालेखक व्हिल्मोश झिगमंड. त्याची स्वतःची हकिकत या सिनेमाला विलक्षण लागू पडते. १९५६मध्ये बुडापेस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे उठाव चिरडत होते तेव्हा झिगमंड आणि त्याचा मित्र लास्लो कोवाच, दोघेही तरुण, रस्त्यांवर चोरून चित्रण करत होते. ती फिल्म घेऊन ते सीमा ओलांडून ऑस्ट्रियात पळाले आणि तिथून अमेरिकेत गेले. पुरावा फिल्मवर असतो आणि तो जिवावर उदार होऊन न्यावा लागतो, हे त्यांना पटकथेतून शिकायचं नव्हतं. पुढे ‘ब्लो आउट’च्या मिरवणुकीच्या दृश्यांच्या निगेटिव्हचे डबे खरोखरच चोरीला गेले. दृश्यं पुन्हा चित्रित करावी लागली, तोवर झिगमंड दुसऱ्या कामात होता, म्हणून कॅमेऱ्यामागे उभा राहिला कोवाच.

## असे सिनेमे लोकांना संशयखोर बनवत नाहीत का?

हा आक्षेप गंभीर आहे, विशेषतः आज, जेव्हा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज एखादी ‘दडपलेली’ क्लिप येते आणि यंत्राने बनवलेला आवाज खऱ्या माणसाचा म्हणून खपतो. सगळ्यामागे कोणाचा तरी हात आहे, ही सवय घातकच.

पण ‘ब्लो आउट’मधला कट कसा आहे ते बारकाईने बघा. सगळं चालवणारा एक महाबुद्धिमान माणूस त्यात नाहीच. गव्हर्नरला तरुणीसोबत पकडून बदनाम करायचं, एवढाच मूळ बेत. त्यासाठी कार्प आणि सॅली पैशासाठी कामाला लागले. बर्क (जॉन लिथगो) नावाचा भाडोत्री माणूस हुकमाच्या पुढे गेला, त्याने गोळी झाडली, आणि मग आपला माग पुसायला आणखी मुडदे पाडत सुटला. हॉस्पिटलात गव्हर्नरचा सहायक जॅकला विनवतो की गाडीत मुलगी होती हे विसरून जा. त्याला खून लपवायचा नाही, मेलेल्या माणसाच्या घरची अब्रू वाचवायची आहे. पोलिसांना फाइल बंद करायची आहे. चौघांची चार कारणं, त्यातली दोन-तीन आपल्यालाही समजण्यासारखी, आणि सगळ्यांची बेरीज म्हणजे दडपलेला खून. ज्यांनी कुठल्याही कार्यालयात वर्षभर काम केलंय त्यांना ही बेरीज ओळखीची वाटेल.

दुसरं असं की जॅक पुरावा घेऊन तपासायला निघतो. आवाज पुन्हा ऐकतो, चित्राशी ताडून बघतो, चूक असेल तर दिसेल अशी सोय ठेवतो. अफवा पसरवणारा याच्या उलट वागतो; त्याला कोणी खोडलं तर तो म्हणतो, बघा, हाही त्यांना सामील. वॉटरगेट उघड झालं ते कागदांमुळे, टेपमुळे, चिकाटीच्या बातमीदारांमुळे आणि न्यायालयामुळे. एखादी क्लिप आली तर ती कोणी टिपली, कुठे उभं राहून, मूळ प्रत कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न जॅक आपल्याला शिकवतो. पैकी तिसरा सर्वांत महत्त्वाचा.

## मुंबईतलं अँतोनिओनी पार्क

आता पार्कचं कोडं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या कुंदन शहांनी १९८३मध्ये ‘जाने भी दो यारों’ केला. नसीरुद्दीन शाह आणि रवी बासवानी हे दोन कडके फोटोग्राफर, फोटो मोठा करतात तर त्यात खून दिसतो, आणि ते घटनास्थळी जातात ते पार्क अँतोनिओनीच्या नावाचं. नावच देऊन टाकलं, म्हणजे उसनवारी चव्हाट्यावर मांडली. त्यानंतर सिनेमा हसवत हसवत पुढे जातो. भक्ती बर्वेंनी रंगवलेली संपादिका, जिच्यावर दोघांचा भरवसा, तीच पुराव्याचा सौदा करते. महाभारताच्या नाटकातली धमाल सगळ्यांना पाठ आहे. शेवट मात्र आठवून बघा: प्रेत सापडलं, पुरावा सापडला, गुन्हेगार एकत्र बसून समेट करतात आणि पूल कोसळल्याच्या आरोपात हे दोघे निरपराध कैद्यांच्या कपड्यांत रस्त्यावर येतात.

फिलाडेल्फिया आणि मुंबई, दोन वर्षांचं अंतर, आणि एकाच लंडनच्या बागेतून निघालेल्या दोन वाटा एकाच जागी पोचतात. मी भाचीला म्हटलं, ढापलंय कोणीच नाही गं. एकाच आजोबांची नातवंडं आहेत.

## राहिली ती किंकाळी

‘ब्लो आउट’ला तेव्हा प्रेक्षकांनी नाकारलं. सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर खर्चलेला सिनेमा तेवढेही परत आणू शकला नाही. नाचाच्या सिनेमांनी स्टार झालेल्या ट्रव्होल्टाला नाचताना बघायला आलेल्यांना हा शेवट सोसला नाही. समीक्षक पॉलीन केल मात्र ठामपणे त्याच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि पुढच्या पिढीत दिग्दर्शक क्वेंटिन टॅरंटिनो त्याचा निस्सीम चाहता निघाला.

एक आक्षेप मी टाळणार नाही. डी पाल्माच्या सिनेमांत बायकांवर सुरे फार चालतात. आधीच्याच वर्षीच्या त्याच्या सिनेमाविरुद्ध महिला संघटनांनी निदर्शनं केली होती. ‘ब्लो आउट’मध्येही बर्क बायकांना मारत सुटतो, का, तर सॅलीचा खून एखाद्या माथेफिरूच्या खात्यावर जावा म्हणून. हे बघताना त्रास होतो, व्हायलाच हवा. सॅलीला लिहिताना तिच्या वाट्याला अधिक यायला हवं होतं असंही मला वाटतं. मेकअपबद्दल ती जीव तोडून बोलते तेवढ्या दोन मिनिटांत ती किती जिवंत होते! पण पहिल्या प्रसंगात आपण ज्या खोट्या किंकाळीला हसलो, तिचा हिशोब हा दिग्दर्शक शेवटी आपल्याकडेच मागतो.

शहरात स्वातंत्र्याचा उत्सव चालू आहे. लाल, पांढरा, निळा. बँड वाजतोय. बर्क टीव्हीचा बातमीदार असल्याची बतावणी करून सॅलीला घेऊन गेलाय, मूळ फिल्म त्याने नदीत फेकून दिली आहे. जॅकच्या कानात तिच्या माइकचा आवाज स्पष्ट येतोय, ती कुठे आहे तेवढं कळत नाहीये. तो गर्दीतून धावतो. गच्चीवर, एका अवाढव्य झेंड्यासमोर, ती त्याच्या नावाने किंचाळते. खाली कोणालाच ऐकू जात नाही. जॅक पोचतो, बर्कला मारतो, पण उशीर झालेला असतो. तिला कुशीत घेऊन तो बसतो आणि मागे आकाशभर आतषबाजी फुटत राहते.

मग हिवाळा. डबिंगची खोली. पडद्यावर तोच टुकार भयपट, तीच शॉवरखालची मुलगी, तिचं तोंड उघडतं आणि आवाज येतो सॅलीचा. दिग्दर्शक खूश होतो, किंकाळी झकास आहे म्हणतो, पुन्हा लावायला सांगतो. जॅकही पुटपुटतो, चांगली किंकाळी आहे. चित्र आणि आवाज अचूक सिंकमध्ये आहेत. टेप पुन्हा फिरते, आणि जॅक दोन्ही हातांनी कान झाकून घेतो.